झेललेली ओळ

सोमवारी दुपारी लाखनीचा दिवा लागला तेव्हा चंद्रकलाच्या हातात पाण्याचा पेला होता. भंडाऱ्याच्या ट्रंक बोर्डावर जेवणानंतरची वेळ पेंगुळलेली असते; व्यापाऱ्यांचे फोन आटोपलेले असतात आणि साहेब लोक अजून खुर्चीत नीट बसलेले नसतात. पेला बाजूला ठेवून तिनं कॉर्ड ओढली, दिव्याखालच्या भोकात खोचली आणि रोजच्या, कुणाच्याच नसलेल्या आवाजात म्हणाली, "भंडारा." पलीकडून लाखनीच्या पोस्टातला परसराम बोलला, "मॅडम, नागपूर लावून द्या जी. छापखान्याचा नंबर आहे. पार्टी इथंच उभी आहे." तिनं नंबर घेतला, नागपूर मागितलं, नागपूरनं छापखाना दिला, छापखान्यातल्या कुणीतरी यंत्रांच्या धडधडीत "हिरालाल, तुह्या फोन" अशी हाक मारली. इथपर्यंत तो रोजच्या कॉलांसारखा एक कॉल होता. मग परसरामनं रिसीव्हर पार्टीच्या हातात दिला आणि पार्टी म्हणाली, "हॅलो, मी ललिता बोलते."

चंद्रकलाची एकुलती एक लेक. लाखनीच्या शाळेत मास्तरीण. शाळेपासून कोसभर आत आजीच्या गावी राहणारी. रविवारी जिला पाहायला जवाहरनगरचे पाहुणे येणार होते ती. कानावरचा हेडफोन एकाएकी जड झाला. नियम सोपा होता: दोन्ही पार्ट्यांना एकमेकींचा आवाज पोचला की ऑपरेटरनं आपली की, म्हणजे ऐकायची कळ, बंद करायची आणि बाजूला व्हायचं. तिचं बोट कीवर गेलंही. पण नागपूरहून आवाज येत होता, "हॅलो? कोण? काहीच ऐकू नाही येऊन राहिलं!" ललिता पुन्हा बोलली, मोठ्यानं बोलली, आणि नागपूर पुन्हा म्हणालं, "हॅलो? हॅलो?" अशी लाइन कधीकधी व्हायची. दोन टोकं एकमेकांना ऐकू शकत नसत, पण मधल्या भंडाऱ्याला दोन्ही टोकं स्वच्छ ऐकू येत. तेव्हा मधल्या बाईनं निरोप इकडचा तिकडे करायचा ही पद्धत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळेच करत. परसराम बाजूनं ओरडलाच, "मॅडम, तुम्हीच सांगून द्या ना जी त्यायले!" आणि मग तारेत एक शांतता झाली. चंद्रकलाला ती शांतता ओळखीची वाटली. कुठली ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. शांततेच्या शेवटी ललिता म्हणाली, "ऑपरेटर, माझा निरोप द्याल का?"

द्याल का. जन्मल्यापासून आईला 'तू' म्हणणारी पोर तारेवरून तिला 'तुम्ही' म्हणत होती. आवाज ओळखला नसेल? "भंडारा" हा शब्द तिनं परसरामच्या कानात म्हटला होता, ललिताच्या नव्हे. अजून ती एक अक्षरही ललिताशी बोलली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर उषाबाई होत्या. हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर ठेवणं आणि घसा बसला म्हणणं सोपं होतं. चंद्रकलाचे दोन्ही हात हेडफोनपर्यंत गेले, आणि तिथंच थांबले. घसा बसलेला नव्हता. उलट तो आतून मोकळा होत होता, पुष्कळ वर्षांनी, आणि तिला कळलं ही शांतता कुठली ते. बांधीतली, भाताच्या खाचरातली. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, एक बाई ओळ टाकते आणि रांग ती झेलण्याआधी श्वास घेते, तेवढ्या मधल्या जागेतली.

"बोला, लाखनी," ती म्हणाली.

तारेत पुन्हा तेवढाच श्वास. मग ललिता हळू नाही, घाई करून नाही, वर्गात श्रुतलेखन घालावं तशी एकेक वाक्य सोडत गेली. "त्यांना म्हणा, रविवारी मला पाहायला लोक येणार आहेत. मी त्यांच्यापुढे बसणार नाही. आईला अजून सांगितलं नाही. कसं सांगू ते कळत नाही." निरोप देताना पार्टीचे शब्द पार्टीच्या तोंडचेच ठेवायचे, त्यात आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. चंद्रकलानं कॉर्डवर हात ठेवला आणि नागपूरला म्हणाली, "लाखनीची पार्टी म्हणते: रविवारी मला पाहायला लोक येणार आहेत. मी त्यांच्यापुढे बसणार नाही. आईला अजून सांगितलं नाही. कसं सांगू ते कळत नाही." शब्द तिच्या तोंडून निघाले आणि तिच्याच कानावर पडले. आवाज हलला नाही. छापखान्यातला मुलगा एकदम म्हणाला, "तिले म्हणा मी येतो. मीच तिच्या आईसमोर उभा राहतो." हे तिनं लाखनीला सांगितलं. लाखनी म्हणाली, "येऊ नका म्हणावं. हे घरातलं आहे." नागपूर म्हणालं, "आई ऐकून घेईल काय, विचारा ना तिले." आणि चंद्रकलानं विचारलं, स्वतःच्या मुलीला, स्वतःबद्दल, सरकारी आवाजात: "पार्टी विचारते, आई ऐकून घेईल काय?"

"घेईल," ललिता म्हणाली. "त्यांना सांगा, ती ऐकते."

"पार्टी म्हणते," चंद्रकला नागपूरला म्हणाली, "ती ऐकते."

मग कॉलची वेळ संपल्याचं तिनं सांगितलं, दोन्ही बाजूंनी "ठीक आहे" आलं, दिवे विझले, आणि तिनं कॉर्ड काढून जागेवर सोडली. उषाबाईंनी मान वळवून पाहिलं. "काय वो चंद्रकलाबाई, कोणाचं लगन जुळवून राहिल्या?" "लाखनीच्या पार्टीचं." "अन् घाम तुम्हाले काहून फुटला?" "पंखा तुमच्याकडे आहे ना वो सगळा," चंद्रकला म्हणाली, आणि उरलेलं पाणी प्यायली. पाणी कोमट झालं होतं. तिला ते गोड लागलं.

नोकरी लागली तेव्हा नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये एक पुण्याकडच्या मॅडम होत्या. त्या रोज सकाळी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत: तारेवर जे ऐकू येईल त्याकडे दुर्लक्ष करायचं. बाकीच्या मुली मान डोलावत. चंद्रकलाही डोलवी, पण तो शब्द तिच्या पोटात उतरत नसे. दुर्लक्ष म्हणजे तिच्या गावी वाईट गोष्ट होती. भाताच्या पऱ्ह्याला पाणी द्यायचं राहून गेलं आणि रोपं पिवळी पडली, ते दुर्लक्ष. पोर तापानं फणफणलं आणि माय बाजारात गप्पा मारत राहिली, ते दुर्लक्ष. ते करायला शिकावं लागत नाही, माणूस ढिला पडला की ते आपोआप होतं. मॅडमना जे हवं होतं त्याला तिची माय कानाडोळा म्हणायची, आणि तो मात्र शिकावा लागे. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं, कानाडोळा करणे म्हणजे दुर्लक्ष करणे, वाक्यात उपयोग करा. चंद्रकलानं ते पाटीवर उतरवून घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, गुरुजी कधी भाताच्या रोवण्यात उतरले नाहीत, त्यांचा काय दोष. तिची माय गिरजाबाई हा शब्द फार जपून वापरी. नवी सून उपाशी पोटी चोरून भात खात असेल तर स्वयंपाकघरात शिरण्याआधी ती ओसरीवरची घागर उगाच हलवी, झाकण वाजवी, म्हणजे सुनेला तोंड पुसायला वेळ मिळे. मग आत जाऊन म्हणे, "अवो, भात थंडा होऊन राहिला, कोणी खाऊन घ्या न." हा कानाडोळा. त्यात पाहणं होतं, ऐकणं होतं, समोरच्याला सावरायला जागा देणं होतं, आणि मग हातानं काहीतरी करणं होतं. एवढं सगळं करून चेहऱ्यावर काहीच नाही. चंद्रकला बोर्डावर बसली ती हीच विद्या घेऊन. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या दुकानाला टाळं लागलं, कुणाची बायको माहेरून यायचं नाही म्हणते, सगळं तिच्या कानावरून जाई. बाजारात ती माणसं भेटली की ती त्यांना वांगी कशी दिली विचारी, आणि तेवढंच विचारी.

पण मायच्या कानाडोळ्याची खरी शाळा होती रोवण्याच्या रांगेत. पावसाचं पाणी बांधीत अडवलेलं, आभाळ पाठीवर टेकलेलं, बायका कमरेत वाकून मागे मागे सरत रोवतात. तोंडं सगळी पाण्याकडे, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. एक जण ओळ टाकते, रांग झेलते. गाणं चालू राहिलं तरच हात चालतात, म्हणून कुणीही ओळ टाकली तरी ती झेलायचीच, आणि शब्द न बदलता झेलायची. यातच गावानं आपली न्यायाची जागा करून ठेवली होती. ज्या गोष्टी चुलीपुढे बोलता येत नाहीत त्या बायका तिथं टाकत. सीताबाईची सून होती, गरीब, खाली मान घालणारी. एका दुपारी तिनं ओळ टाकली:

सगळ्यांच्या भातावर, माय, वरण वाहून गेलं
माझ्या भातावर, माय, मीठ कोणी ठेवलं

आणि रांगेत तिच्या बाजूलाच रोवणाऱ्या सीताबाईनं, सगळ्यांच्या वर आवाज काढून, तीच ओळ झेलली. माझ्या भातावर, माय, मीठ कोणी ठेवलं. स्वतःच्या तोंडानं. हात थांबला नाही, रोप वाकडं लागलं नाही. संध्याकाळी कुणी काही बोललं नाही, आणि वरण पहिल्यांदा सुनेच्या ताटात पडलं. चंद्रकला तेव्हा लहान होती. तिला वाटायचं सीताबाईला कळलंच नाही. माय म्हणाली होती, "कळलं वो. तिनं कानाडोळा केला." म्हणजे कळलं नाही असं दाखवलं? "नाई. म्हणजे आपल्या तोंडानं म्हणून पाह्यलं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या तोंडानं म्हटलं का मंग ते कसं लागते, समजते." एवढं सांगून माय रोपांची पेंडी सोडायला लागली होती. गाळाचा वास, पेंडीच्या ओल्या दोरीचा वास. बोर्डापुढे बसलेल्या चंद्रकलाच्या नाकात तो आला, आणि तिनं पुढच्या दिव्याला उत्तर दिलं, "भंडारा," साकोलीहून कुणी सिमेंट मागत होतं.

घरी, खांब तलावाजवळच्या दोन खोल्यांत, तिनं त्या संध्याकाळी दिवा लावायचा विसरून भात लावला. जवाहरनगरचं स्थळ तिनंच आणलं होतं. आनंदाबाईंचा मुलगा फॅक्टरीत, क्वार्टर मिळालेलं, नळाचं पाणी, फॅक्टरीची बस दारावरून जाते. त्याला रजा आताच होती म्हणून भर आषाढात पाहणं ठरलं, तर तिचा भाऊ भोजराज म्हणाला होता, "रोवण्यात कोणी पोरगी दाखवते काय वो बाई? पाहुण्यायले काय चिखलात बसवू?" तिनं त्याला गप्प केलं होतं. तिला हवं होतं ते स्वतःशी कबूल करायला हरकत नव्हती: जवाहरनगर जवळ होतं. तिचे यजमान श्यामराव मास्तर गेले तेव्हा ललिता फ्रॉक घालणारी पोर होती. पाळ्यांच्या नोकरीत तिला कुठं ठेवणार, म्हणून आजीकडे ठेवली ती तिथंच वाढली. लेक आता लग्नाच्या निमित्तानं तरी हाकेच्या अंतरावर येईल, असा तो हिशेब होता. त्यात हिरालाल कुठंच नव्हता. आणि तो होता तर समोरच. नदीपलीकडच्या कारध्याचा, श्यामरावांचा विद्यार्थी; त्याचा बाप वैनगंगेच्या रेतीत टरबुजं लावायचा. श्यामराव गेल्यावर हा मुलगा दारात येऊन उभा राहिला, काय बोलावं ते न सुचून त्यानं गळणाऱ्या माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि निघून गेला. पुढं सणासुदीला यायचा. तो आला की ललिता उठून आत जायची. आत जाऊन तिथं काहीच करायची नाही. भांडं वाजायचं नाही, चूल फुंकल्याचा आवाज यायचा नाही. बोर्डावर बसून साऱ्या जिल्ह्याचं ऐकणाऱ्या बाईला आपल्या घरातली ती शांतता ऐकू आली नव्हती. मुलगा जातीतला नव्हता, म्हणून कदाचित कान तिकडे गेलाच नाही. हे दुर्लक्ष, तिनं भाताचा पहिला घास घेताना ठरवलं, आणि हा शब्द पहिल्यांदाच तिला बरोबर जागी बसलेला वाटला. वाईट वाटलं, पण शब्द जागी बसल्याचं एक समाधानही होतं त्यात.

आणि तिची स्वतःची ओळ? ती तिला इतकी वर्षं पाठ होती. तिला पहिलं स्थळ आलं होतं नदीपलीकडच्या जंगलातल्या गावचं. मोठी शेती, मोठं घर, आणि नवरा मुलगा असा की पाहायला आला तेव्हा बोलता बोलता त्यानं ओसरीवरच्या कुत्र्याला पायानं लोटलं. एवढंच. एवढ्यावरून नाही म्हणायचं तर तोंड कुठलं? ती रांगेत उतरली आणि तिनं ओळ टाकली:

नदीच्या पल्याड, माय, दिवा नको लावू
तिथल्या अंधारात, माय, मले नको धाडू

मायनं झेलली. मायचा आवाज जाडसर, खाली खाली जाणारा. मले नको धाडू. चंद्रकलाला तेव्हा एक विचित्र गोष्ट जाणवली होती: तीच ओळ मायच्या तोंडात गेली की त्यातली 'माय' कोण? मायची माय तर कधीच गेलेली. गिरजाबाई स्वतः कुठल्या नदीपलीकडून आली होती, कुणाला हाक मारत होती? ती हाक रांगेवरून, पाण्यावरून लांब गेली. आठवड्यात स्थळ मोडलं. कसं, ते तिला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. मायनं पाहुण्यांना निरोप पाठवला होता की पोरीले संध्याकाळ झाली का दिसत नाही. बस्स, पुढची दोन वर्षं दिवस मावळला की गावातली कुठलीही बाई येऊन चंद्रकलाचा हात धरायची. "चाल वो, मी पोचवतो तुले घरी." ती ठणठणीत डोळ्यांनी त्यांच्या हाताला धरून, त्या ज्या दगडाला ठेचाळत तो दगड चुकवून, घरी जायची. डोळ्याच्या इलाजाच्या नावाखाली मग मामाकडे भंडाऱ्याला, मग शाळा, मग श्यामराव, मग हे बोर्ड. तिचं सगळं आयुष्य मायनं झेललेल्या एका ओळीतून निघालं होतं. भात संपवून उठताना तिला हसू आलं.

सुटीच्या दिवशी ती जवाहरनगरला गेली. क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येकीपुढे सारखंच जास्वंद. आनंदाबाईंनी चहा टाकला, रविवारच्या गाडीचं बोलायला लागल्या. चंद्रकलानं त्यांना बोलू दिलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "रविवारी नका येऊ जी. मी शब्द दिला होता, मीच वापस घेतो." आनंदाबाईंचा पदराला गेलेला हात तिथंच राहिला. "म्हणजे? पोरीत काही कमी आहे काय?" क्षणभर मायचा तो निरोप तिच्या जिभेवर आला. काय सांगावं, कानानं कमी ऐकते म्हणावं? पण तो काळ गेला होता. आणि पोरीच्या अंगावर खोटं लादून तिला सोडवायचं, यातलं दुखणं तिनं दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताला धरून चालताना पाहिलं होतं. "पोरीत काहीच कमी नाई. तुमच्या पोरातही नाई. मन माह्यं फिरलं. बोल लावाचा तर मले लावा." आनंदाबाईंनी आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाल्या, "टेलिफोनवाल्या बाई, तुमच्याच लायनीत गडबड दिसून राहिली." "होती," चंद्रकला म्हणाली. "आता साफ आहे." "लोकं काय म्हणतीन?" "म्हणतीन. मले सवय आहे, दिवसभर ऐकतोच लोकायचं." आनंदाबाईंना राग यायला हवा होता आणि तो आलाही, त्यांनी पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं, आणि शेवटी कप तिच्यापुढे सरकवला. "चहा तर पिऊन घ्या. चहानं कोणाचं काय केलं."

परत येताना बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना बांध्या, बांध्यांत आभाळ, आभाळात वाकलेल्या बायका. आणि तिथं, कुठल्यातरी नाल्याच्या पुलावर बस धडधडत असताना, तिला आठवलं. मागच्या खेपेला आली तेव्हा ललिता भाकरी थापत होती. लेकीची भाकरी गोल येत नाही म्हणून ती हसली होती. तेव्हा ललितानं मान वर न करता विचारलं होतं, "आई, सोमवारी तुही पाळी कोणती?" "दिवसाची. काहून वो?" "काही नाई. असंच." चंद्रकलानं बसची थंड सळई धरली. लाखनीहून नागपूरला जाणारी सगळी बोलणी कुणाच्या हातून जातात, हे त्या पोरीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला नुसता हिरालालला निरोप द्यायचा असता तर दुसरे दिवस होते, दुसऱ्या बायका होत्या. लाइन खराब निघाली तो योग. लाइन चांगली असती तरी की बंद होण्याआधीचं पहिलं वाक्य मधल्या बाईच्या कानात पडलंच असतं, हे तिनं धरलं असणार. नातीला आजीनं वाढवलं होतं. आजीनं तिला पऱ्हे उपटायला शिकवलं, पेंडी बांधायला शिकवलं, आणि जे तोंडावर सांगता येत नाही ते कुठं ठेवायचं तेही शिकवलं. बांधी नव्हती जवळ, तर तिनं तार घेतली. ऑपरेटर, माझा निरोप द्याल का. आणि आपण, चंद्रकलाच्या मनात आलं, हेडफोन उषाबाईंच्या डोक्यावर ठेवता ठेवता थांबलो. ती ऐकते, पोर म्हणाली होती. ऐकेल असं नाही. ऐकते.

रविवारी पाहुणे नव्हते, म्हणून मायच्या गावी रोवणं होतं. भोजराज बांधावर उभा राहून कुरकुरत होता, "स्थळ मोडलं तं मोडलं, पण कारण तं सांग न वो बाई! चार लोकायले मी काय सांगू?" "सांग का तुह्या बहिणीचं डोकं फिरलं." "ते तं सांगतोच मी नेहमी," तो म्हणाला, आणि औतामागे गेला. गिरजाबाई आता रोवू शकत नव्हती. ती बांधावर पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसली होती आणि पेंड्या फेकत होती, कुणाच्या हाताशी नेमकी पडेल अशी. चंद्रकलानं लुगडं वर खोचलं आणि पाय बांधीत टाकला. गाळ बोटांतून वर आला, थंड, जुना, तिला ओळखणारा. रांगेत ललिताच्या बाजूची जागा रिकामी होती. ती मुद्दाम ठेवली होती की नाही, तिनं विचारलं नाही. ललितानं तिच्याकडे पाहिलं नाही. नुसती थोडी सरकली. तिचे हात भराभर चालत होते, पण कानाची पाळी लाल झाली होती. सोमवारपासून ही पोर कशी राहिली असेल, चंद्रकलाला वाटलं. ओळ टाकली, झेलल्याचा आवाजही आला, पण संध्याकाळ अजून झाली नाही, ताटात काय पडतं ते दिसलेलं नाही. भोजराजनं स्थळ मोडल्याचं सांगितलं असेल. तेवढ्यानं निम्मंच कळतं. न बसण्याचं उत्तर मिळालं होतं. हिरालालचं बाकी होतं.

रांग एक गाणं संपवून श्वास घेत होती. ती जागा. चंद्रकलानं रोप गाळात खोचलं, अंगठ्यानं दाबलं, आणि वाकल्या वाकल्या, पाण्याकडे तोंड करून, ओळ टाकली. बोर्डावरचा आवाज नव्हता तो. जाडसर होता, खाली खाली जाणारा; तिचा तिलाच नवा.

नदीच्या पल्याड, माय, दिवा एक लाव
तिथल्या उजेडात, माय, दिसे माझं गाव

भंडाऱ्याच्या घाटावर उभं राहिलं की नदीपलीकडे हिरालालचं कारधा दिसतं, हे त्या रांगेत दोघींनाच माहीत असायचं कारण नव्हतं. सगळ्यांनाच माहीत होतं. रांगेनं श्वास भरला. बाजूचा हात थांबला होता. पाण्यात ललिताचं तोंड दिसत होतं, हलत्या पाण्यात मोडणारं आणि पुन्हा जुळणारं, आणि चंद्रकलानं तिकडे पाहिलं नाही. तिनं पुढचं रोप उचललं. मग तो हात पुन्हा चालू लागला, आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, किंचित फाटलेल्या आवाजात ललितानं ओळ झेलली. शब्द न बदलता. दिवा एक लाव. मागून सगळी रांग आली.

बांधावर गिरजाबाईनं डोक्यावरची खोळ सारखी केली. तिला आता कमी ऐकू येतं असं घरात सगळे म्हणत. तिनं लेकीकडे पाहिलं नाही, नातीकडे पाहिलं नाही. दोघींच्या मधोमध, पाणी उडेल अशी एक पेंडी फेकली आणि ओरडली, "हात चालवा न वो बायायहो! आभाळ भरून आलं, अन् ह्या गात बसल्या."